पुरुषाला वय नसतं?

खानापूर तालुक्यातल्या एका दादांचं पत्र आलंय. वय ४३, बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत फौंड्रीत भट्टीवर काम, लग्न उशिरा झालेलं. बायको ३४ ची. तीन वर्षं मूल नाही. वीर्य तपासणीत पुढे सरकणारे शुक्राणू १८ टक्के निघाले, पण तो कागद त्यांनी घरी दाखवलेला नाही. आई मात्र सुनेला सौंदत्तीला नवसाला नेते. दादा विचारतात, ‘पुरुषाला वय नसतं म्हणतात ना?’

असतं हो. बाईची पाळी थांबते तसं एकदम काही थांबत नाही, एवढंच. चाळिशीनंतर वीर्याचं प्रमाण आणि शुक्राणूंची हालचाल उतरत जाते, त्यांच्यातल्या डीएनएची मोडतोड वाढते. तरी या वयात बाप होणारे पुष्कळ आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेत पुढे सरकणाऱ्या शुक्राणूंची खालची मर्यादा ३० टक्के आहे. तुमचा आकडा कमी आहे खरा, पण त्यावरून मूल होणारच नाही असं कुणी सांगू शकत नाही. दोन ते सात दिवस संबंध टाळून नमुना पुन्हा द्या. तो तासाभरात तपासायला लागतो, त्यामुळे बेळगावला लॅबमध्येच द्या.

मला तुमच्या वयापेक्षा ती भट्टी खटकली. वृषणांना अंगापेक्षा दोन-चार अंश कमी उष्णता लागते आणि तुम्ही शिफ्टभर धगीसमोर! मोल्डिंगकडे बदली मिळते का बघा. तंबाखूही सोडा. शुक्राणू तयार व्हायला अडीच-तीन महिने जातात, फरक त्यानंतरच दिसेल. वृषणाच्या शिरा फुगल्यात का, हे युरॉलॉजिस्टकडून बघून घ्या. ताकदीसाठी म्हणून कुणी टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन सुचवलं तर साफ नको म्हणा, त्यानं शुक्राणू बनणंच थांबू शकतं. आणि तीन महिने नुसते वाट बघण्यात घालवू नका. बायकोच्या तपासण्याही याच काळात करून घ्या.

आता लपवलेल्या कागदाचं. ‘काय गं, अजून काही नाही?’ हे तिनं गावभर ऐकायचं आणि तुमचा रिपोर्ट पेटीत कुलपात? हे मला मुळीच पटलं नाही. आज रात्री तिला दाखवा. आईशी नंतर तुम्हीच बोला. आकडे कशाला हवेत? ‘औषधपाणी माझं चाललंय, हिला कुणी बोलायचं नाही,’ एवढं पुरे. सौंदत्तीला जायचंच तर तिघं मिळून जा, पण आधी लॅबला जाऊन या.