इथेनॉल, टर्बो आणि खान्देशचा मे महिना

पंपावर ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, आल्यापासून माझ्याकडे येणाऱ्या प्रश्नांचा सूर बदलला आहे. आधी लोक अ‍ॅव्हरेज विचारायचे. आता इंजिनात जादा हवा दाबून भरणाऱ्या टर्बो गाड्या गावोगावी झाल्यात आणि तरुण मंडळी थेट विचारतात, इथेनॉलवर गाडी ट्यून केली तर ताकद किती वाढेल? त्यातले सहा प्रश्न आज घेतले आहेत.

माझी १.२ लिटर टर्बो पेट्रोल एसयूव्ही आहे, कागदावर ११८ अश्वशक्ती. एक ट्यूनर म्हणतो, "ई२० म्हणजे रेसिंगचं इंधनच, रिमॅप करून १५० देतो." खरं आहे का? (अमळनेर)

रिमॅप म्हणजे ईसीयूचं, अर्थात इंजिनाच्या कॉम्प्युटरचं, सेटिंग बदलणं. ट्यूनरच्या बोलण्यातलं निम्मं खरं आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

इथेनॉलमध्ये जादा ताकद भरलेली नसते. उलट एका लिटरमागे त्यात पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश ऊर्जा असते. पण एक किलो पेट्रोल नीट जळायला १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला ९ किलोच पुरते. म्हणजे सिलिंडरमध्ये जेवढी हवा आली तेवढ्यातच इथेनॉल दीडपटीहून जास्त जाळता येतं आणि हिशेब जवळपास बरोबरीत सुटतो.

मग फायदा कुठे? दोन ठिकाणी. पहिला ऑक्टेनचा, म्हणजे दाबाखाली आपोआप न पेटण्याच्या गुणाचा. शुद्ध इथेनॉलचा आकडा १०८ च्या घरात आहे, आपल्या साध्या पेट्रोलचा ९१ होता आणि ई२० चा ९५ धरला जातो. दुसरा गारव्याचा. हातावर सॅनिटायझर घेतलं की गार लागतं, तेच सिलिंडरमध्ये होतं. एक किलो पेट्रोलची वाफ व्हायला साधारण ३५० किलोज्यूल उष्णता लागते, इथेनॉलला ९०० च्या आसपास. शिवाय तेवढ्याच हवेला इथेनॉल जास्त लागतं, म्हणजे हवेतून ओढून घेतलेली उष्णता जवळजवळ चौपट होते.

टर्बो इंजिनाचा खरा शत्रू नॉकिंग. ठिणगीची आग पोहोचण्याआधीच कोपऱ्यातलं तापलेलं मिश्रण आपोआप पेटतं आणि पिस्टनवर हातोडा बसावा तसा ठोका बसतो. तो होऊ नये म्हणून कंपनी बूस्ट (टर्बोने दिलेला हवेचा दाब) आणि टायमिंग (ठिणगीची वेळ) दोन्ही आवरून ठेवते. इथेनॉल हा ठोका लांब ढकलतं, त्यामुळे बूस्ट वाढवायला आणि ठिणगी लवकर टाकायला जागा मिळते. ताकद येते ती या मोकळ्या झालेल्या जागेतून.

आता तुमच्या आकड्याकडे या. ११८ चे १५० म्हणजे पाव हिश्शाहून जास्त वाढ, आणि तेवढी जास्त हवा त्याच छोट्या टर्बोने ढकलायला हवी. वरच्या आरपीएमला तो आधीच धापा टाकत असतो. जोर लावला की हवा थोडी वाढते आणि उष्णता भरपूर. साब कंपनीने २००५ च्या सुमारास ९-५ ही टर्बो गाडी इथेनॉलसाठी काढली होती. पेट्रोलवर १५० अश्वशक्ती, ई८५ वर १८०. म्हणजे कारखान्याने स्वतः, व्हॉल्व्ह आणि त्यांच्या सीट मजबूत करून, ८५ टक्के इथेनॉलवर २० टक्के वाढ घेतली. तुमच्या टाकीत इथेनॉल एक पंचमांश आहे.

रिमॅपने वाढ होतच नाही असं मी म्हणत नाही. पण ती ई२० मुळे आली म्हणून सांगणाऱ्याला दोन प्रश्न विचारा. मोजणी किती तापमानाला केली? गिअरबॉक्सची टॉर्कमर्यादा किती? ड्युअल-क्लचवाल्यांनी तर हा दुसरा प्रश्न आधी विचारावा. फोक्सवॅगन गटाच्या कोरड्या क्लचच्या सात गिअरवाल्या डीएसजी या ड्युअल-क्लच गिअरबॉक्सची मर्यादा २५० न्यूटन-मीटर आहे आणि १.५ टीएसआय इंजिन कंपनीतूनच २५० देतं. तिथे ट्यूनिंगला जागाच उरलेली नाही.

आणि मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ विसरू नका. कंपनीने दिलेल्या तपशिलात परवानगीशिवाय फेरफार चालत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. वॉरंटी आणि विम्याचा दावा अडकतो तो वेगळाच. रस्त्यावरच्या गाडीसाठी माझं मत साफ आहे, तिला हात लावू नका.

माझी १.० लिटर डायरेक्ट इंजेक्शनची टर्बो आहे. मे महिन्यात चाळीसगावहून कन्नड घाट चढताना पिकअप बसतो, कधी खडखड ऐकू येते. हिवाळ्यात हीच गाडी उडते. इथेनॉल जास्त टाकलं तर सुधारेल का? (जळगाव)

सहा प्रश्नांत मला सर्वांत जवळचा हाच आहे, कारण आपल्याकडचं ट्यूनिंग हवामानावर तरतं किंवा बुडतं.

२० अंशांच्या हवेपेक्षा ४४ अंशांच्या हवेत तेवढ्याच जागेत साधारण ७ ते ८ टक्के कमी हवा मावते. टर्बो ती कमी भरून काढायला जास्त फिरतो. ४४ अंशांची हवा आत घेऊन एक बार बूस्टने दाबली तर टर्बोतून बाहेर पडताना ती १४० अंशांच्या आसपास असते. तिला गार करायचं काम इंटरकूलरचं, आणि घाटात ट्रकच्या मागे ताशी तीसने चढताना त्याच्या अंगावर वाराच येत नाही. गरम हवा सिलिंडरमध्ये जाते, नॉक सेन्सरला ठोका ऐकू येतो, ईसीयू टायमिंग मागे घेतो आणि बूस्ट कापतो. पिकअप बसला असं तुम्ही म्हणता ते हेच. गाडी बिघडलेली नाही, ती स्वतःला जपते आहे.

इथेनॉलने इथे मदत होते का? होते, आणि डायरेक्ट इंजेक्शनमध्ये जास्त होते. पोर्ट इंजेक्शनमध्ये इंधनाचा बराच भाग तापलेल्या धातूवर पडून वाफ होतो, डायरेक्टमध्ये तो सिलिंडरच्या आत हवेतूनच उष्णता ओढतो. तुमच्या गाडीला ई२० चा हा लाभ आत्ताच मिळतो आहे. त्यापुढे बाहेरून इथेनॉल ओतू नका, त्याचं कारण शहाद्याच्या उत्तरात येईल. त्याआधी हे करा: इंटरकूलर आणि रेडिएटरमधली धूळ, कापसाची बोंडं-तंतू, किडे मागच्या बाजूने हलक्या पाण्याने धुऊन काढा. स्पार्क प्लग बघा. ऑइल कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचं आणि एपीआय एसपी दर्जाचं घ्या, कारण छोट्या डायरेक्ट इंजेक्शन टर्बोत कमी आरपीएमला होणारं अवेळी पेटणं या दर्जाच्या ऑइलने आटोक्यात राहतं. आणि घाटात पाचव्या गिअरमध्ये १,५०० आरपीएमवर पाय दाबून धरू नका, खालचा गिअर घ्या.

हे मी एवढं ठासून सांगतो त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी ट्रॅकसाठीची एक टर्बो गाडी मी जानेवारीत ट्यून केली. सकाळचा गारवा, गाडी सुरेख पळाली, टायमिंग मी अगदी काठावर नेऊन ठेवलं. मे महिन्यात तिच्या तिसऱ्या सिलिंडरच्या पिस्टनचा रिंगजवळचा कठडा तुटला. चूक सर्वस्वी माझी होती. तेव्हापासून ज्या गाडीची शेवटची मोजणी मे महिन्याच्या दुपारी झालेली नाही तिचं काम मी पूर्ण झालं असं म्हणत नाही.

डिझेल एसयूव्हीलाही टर्बो असतो. डिझेलमध्ये थोडं इथेनॉल टाकलं तर? (धुळे)

अजिबात नाही. डिझेल इंजिनाला दाबाने लगेच पेटणारं इंधन हवं, आणि इथेनॉल नेमकं तसं पेटायला नकार देतं. पेट्रोल इंजिनात त्याचा जो गुण, तोच इथे दोष. वर हाय प्रेशर पंप आणि इंजेक्टरला डिझेलच्या वंगणाची गरज असते, ते इथेनॉलमध्ये नाही. टाकीतली वाफही पेट घेण्याजोगी होते.

आमच्या भागात साखर कारखाने आणि डिस्टिलरी आहेत. ओळखीतून इथेनॉलचा कॅन मिळू शकतो. टर्बो पेट्रोलमध्ये घरीच ई५० बनवायचं म्हणतो. एकाने मोहाचंही सुचवलं. (शहादा)

दादा, आधी मोहाचं. भट्टीच्या दारूत निम्म्याहून जास्त पाणीच असतं. ती पेट्रोलमध्ये मिसळत नाही, टाकीच्या तळाशी बसते आणि पंप सर्वांत आधी तळातलंच ओढतो.

डिस्टिलरीचं स्पिरिटसुद्धा दोन प्रकारचं असतं. रेक्टिफाइड स्पिरिटमध्ये ५ टक्क्यांच्या आसपास पाणी राहतं. पेट्रोलमध्ये मिसळायचं ते पाणी काढून टाकलेलं, ९९ टक्क्यांच्या वरचं इथेनॉल. कॅनमध्ये कोणतं आहे हे वासावरून कळत नाही. शिवाय ते उत्पादन शुल्क खात्याच्या परवान्याखालचं आहे, ओळखीने बाहेर काढलं तर देणारा आणि घेणारा दोघेही अडकतील. आगीचं तर विचारूच नका. इथेनॉलची ज्योत फिकट निळी असते, आपल्याकडच्या उन्हात ती दिसतही नाही, अंगाला झळ लागते तेव्हा कळतं.

हे सगळं बाजूला ठेवलं तरी यंत्राचा हिशेब जुळत नाही. ई२० वरून ई८५ वर गेलं तर इंजेक्टरमधून साधारण एक तृतीयांश जास्त इंधन जावं लागतं. पूर्ण जोरात तुमचा इंजेक्टर आत्ताच ७५ टक्के वेळ उघडा राहत असेल, तर त्याला १०० टक्के वेळ उघडा ठेवावा लागेल, आणि ८५ च्या पुढे त्याच्यावर भरवसा ठेवता येत नाही. ई५० ला ही वाढ कमी लागते, पण साध्या गाडीच्या ईसीयूला टाकीत किती टक्के आहे हे सांगणारा सेन्सरच नसतो. सावकाश चालवताना ऑक्सिजन सेन्सर बघून तो भरपाई करतो. ओव्हरटेकला पूर्ण पाय दाबला की ती भरपाई अपुरी पडू शकते, मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडतं, आणि टर्बोच्या बूस्टखाली पातळ मिश्रण म्हणजे वितळलेला पिस्टन. आपल्या रानातल्या उसामक्याचं इंधन आपल्या गाडीत जावं ही तुमची भावना मला समजते, मलाही तसंच वाटतं. पण ते पंपाच्या नळीतून येऊ द्या.

गाडी २०१७ ची टर्बो पेट्रोल आहे. ई२० ने इंजिन खराब होईल का? अ‍ॅव्हरेज उतरलंय. (भुसावळ)

अ‍ॅव्हरेज थोडं उतरणारच. ई१० पेक्षा ई२० मध्ये लिटरमागे साधारण साडेतीन टक्के ऊर्जा कमी आहे. त्याहून बरंच जास्त उतरलं असेल तर दोष दुसरीकडे शोधा. आधी टायरची हवा आणि एअर फिल्टर, मग स्कॅनर लावून फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयू इंधन किती कमी-जास्त करतो तो आकडा. जुन्या गाडीत खरी काळजी रबराची: इंधनाच्या नळ्या, ओ-रिंग, पंपाचं सील. प्रत्येक सर्व्हिसला ते बघायला सांगा. टाकीतला जुना गाळही इथेनॉल सोडवतं, तेव्हा फिल्टर एकदा वेळेआधी बदला. पावसाळ्यात गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवा, म्हणजे आतल्या दमट हवेला जागा राहत नाही.

आम्ही इंजिनिअरिंगचे विद्यार्थी. कॉलेजच्या टेस्ट बेंचवर एक जुनं टर्बो पेट्रोल इंजिन ई८५ वर चालवायचं आहे, इंधन कॉलेज रीतसर मिळवणार. सुरुवात कुठून? (शिरपूर)

तुमच्यासारख्यांसाठीच मी हे सदर लिहितो. इथे रस्ता नाही, आरटीओ नाही, इंजिन तुमचं आणि मोजायला वेळ आहे.

सुरुवात इंधनापासून, बूस्टपासून नाही. मोठे इंजेक्टर, जास्त वाहणारा पंप, इथेनॉलला टिकणाऱ्या नळ्या. मग प्रोग्रॅम करता येणारा ईसीयू आणि मिश्रण मोजणारा वाइडबँड सेन्सर. मीटरवर हवा-इंधनाचं गुणोत्तर न वाचता लॅम्डा वाचायची सवय लावा. ई८५ चा समतोल ९.८ वर आहे आणि पेट्रोलच्या १४.७ शी मनातल्या मनात तुलना करताना भलेभले चुकतात. लॅम्डा १ म्हणजे समतोल, इंधन कोणतंही असो. पूर्ण जोरात ०.८० ते ०.८५ च्या दरम्यान राहा. प्लग एक पायरी थंड घ्या, गॅप कमी करा.

मूळ बूस्टवरच आधी टायमिंग शोधा, एकेक अंश पुढे नेत. इथे नीट लक्ष द्या. पेट्रोलवर चूक झाली की इंजिन खडखडून सांगतं. ई८५ वर ते सांगत नाही. टॉर्क वाढायचा थांबतो तरी ठोका येत नाही, तुम्ही टायमिंग पुढे नेत राहता आणि सिलिंडरमधला दाब गुपचूप कनेक्टिंग रॉड वाकवतो. म्हणून डायनोवर (इंजिनाची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) टॉर्कचा आकडा वाढायचा थांबला की दोन अंश मागे या आणि तिथेच थांबा. बूस्ट त्यानंतर, थोडा थोडा.

डिसेंबर-जानेवारीत तुमच्याकडे पारा दहाच्या खाली जातो. १२-१३ अंशांच्या खाली इथेनॉलची पेटण्याइतकी वाफ होत नाही, म्हणून त्या दिवसांत इंजिन सकाळी सुरू व्हायला त्रास देईल. ब्राझीलमध्ये इथेनॉलवरच्या गाड्यांना सुरू करण्यापुरती पेट्रोलची छोटी टाकी असायची, बेंचवर तुम्हीही तशी बसवू शकता.

आणि आलेलं इंधन दर वेळी तपासा. १०० मिलीच्या मोजपात्रात १० मिली पाणी घ्या, त्यावर १०० च्या खुणेपर्यंत ई२० ओता, हलवून दहा मिनिटं ठेवा. इथेनॉल पाण्यात उतरतं. खालचा थर २८ च्या आसपास आला तर ९० मिलीत १८ मिली इथेनॉल, म्हणजे २० टक्के. ई८५ ला याच रीतीने थर फार वर जातो, तिथे पाणी जास्त आणि इंधन कमी घ्या. आकडा वहीत तारखेसह, शेजारी खोलीचं तापमान लिहून ठेवा. प्रयोग संपला की ई८५ काढून टाका, इंजिन दहा मिनिटं साध्या पेट्रोलवर चालवा आणि ऑइल बदलून मगच झाकून ठेवा.