ब्लूटूथ घड्याळाला परवानग्या कुठल्या?

प्रश्न: महापे एमआयडीसीत आमचं छोटं युनिट आहे, ब्लूटूथवालं स्मार्टवॉच काढतोय. आतल्या मॉड्यूलला एफसीसी, सीई सगळं आहे, मग इथे परत टेस्टिंग कशाला?
– एक वाचक, कोपरखैरणे

उत्तर: कारण ती सर्टिफिकेटं तिकडची, एफसीसी अमेरिकेचं आणि सीई युरोपचं, इथे त्यांच्यावर माल विकता येत नाही. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झवर चालतं, त्या बँडला लायसन्स लागत नाही हे खरं, पण डब्ल्यूपीसीचं, म्हणजे केंद्राच्या दूरसंचार खात्यातल्या वायरलेस शाखेचं, ईटीए (उपकरणाच्या प्रकाराला मंजुरी) लागतंच, ते सरल संचार पोर्टलवर सेल्फ डिक्लरेशनने होतं आणि तिथे परदेशी मान्यताप्राप्त लॅबचा आरएफ (रेडिओ लहरींच्या चाचणीचा) रिपोर्ट चालतो, म्हणजे तुमचा तो खर्च अगदीच वाया नाही. खरा वेळ खातं ते बीआयएस, म्हणजे भारतीय मानक ब्यूरो. स्मार्टवॉचला रजिस्ट्रेशन सक्तीचं, सँपल इथल्याच बीआयएस-मान्य लॅबमध्ये द्यायचं, आणि बॅटरीचं रजिस्ट्रेशन वेगळं, आयएस १६०४६ या मानकाखाली. सेलवर ‘आर’ने सुरू होणारा बीआयएस रजिस्ट्रेशन नंबर छापलाय का ते ऑर्डर देण्याआधीच बघा, सप्लायर ‘नंतर पाठवतो’ म्हणाला तर सरळ दुसरा गाठा. आणि हो, बॉक्सवर हौसेने ‘बीपी मोजतं’ छापू नका, मेडिकल डिव्हाइसचे नियम मागे लागतील!