दरवर्षी बालसाहित्याचे पुरस्कार जाहीर होतात, त्या यादीवरून लेकरांसाठी पुस्तकं घ्यावीत का?

घ्या की, बिनधास्त घ्या. फक्त तो पुरस्कार कशासाठी देतात, निवडतं कोण आणि कुठल्या वयासाठी, एवढं आधी बघून घ्या, नाहीतर पैसे जातात आणि पुस्तक कपाटात पडून राहतं.

तुम्ही लिहिलंय की अंबाजोगाईला राहता, मुलगी सातवीत, मुलगा तिसरीत, आणि साहित्य अकादमीवाली मराठी पुस्तकं घ्यावीत का ऑनलाइन दिसतात ती सोनेरी शिक्क्याची न्यूबेरी पुरस्कारवाली इंग्रजी, हे ठरंना झालंय. मी लातूर जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक आहे आणि शाळेचं ग्रंथालय माझ्याकडंच आहे, ग्रंथालय म्हणजे दोन लोखंडी कपाटं आणि एक नोंदवही, लई मोठं काही समजू नका. पण पुरस्कारवाली पुस्तकं आणायची आणि लेकरं त्यांचं काय करतात ते बघायचं हा माझा नाद आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

आधी आपल्याकडचं सांगतो. साहित्य अकादमीचा बाल साहित्य पुरस्कार 2010 पासून सुरू झाला, 24 भाषांसाठी असतो, 50 हजार रुपये आणि ताम्रपट. वाचक धरलाय 9 ते 16 वयाचा. म्हणजे तुमच्या मुलीसाठी बरोबर बसतं पण तिसरीतल्या पोरासाठी त्या यादीतलं बरंचसं जड जाणार, हे कुणी सांगत नाही. प्रत्येक भाषेसाठी तीन जणांची समिती असते, बहुतेक लेखक, प्राध्यापक, समीक्षक अशी मंडळी. मोठीच माणसं सगळी. चांगलीच असतात, पण मोठी.

यात एक गोंधळ नेहमी होतो. त्याच दिवशी बातमी येते बाल साहित्य आणि युवा पुरस्कार एकदमच, आणि लोक समजतात की युवा पुरस्कार म्हणजे कॉलेजातल्या पोरांनी वाचायची पुस्तकं. तसं नाही हो. युवा पुरस्कार लेखकाच्या वयावर आहे, 35 च्या आतला लेखक पाहिजे, पुस्तक मोठ्यांचंच असू शकतं आणि बहुतेकदा असतंच. ते सातवीतल्या मुलीच्या हातात सरसकट देऊ नका, आधी स्वतः चाळा.

दुसरी गोष्ट, सुरुवातीच्या काही वर्षांत हा पुरस्कार एका पुस्तकाला न देता लेखकाच्या एकूण कामाला पण दिलेला आहे. मराठीत माधुरी पुरंदरे यांना 2014 ला, राजीव तांबे यांना 2016 ला, रत्नाकर मतकरी यांना 2018 ला असाच मिळाला. त्या वर्षांचं 'पुरस्कारप्राप्त पुस्तक' शोधत बसाल तर सापडणारच नाही, कारण तसलं एक पुस्तक नाहीच, त्या लेखकांचं जे मिळेल ते घ्या असा त्याचा अर्थ.

मराठीच्या यादीतली माझ्या कपाटात जास्त फिरलेली सांगायची तर 2011 ला दिलीप प्रभावळकरांचं 'बोक्या सातबंडे', याला काय सांगायचं, हे पुस्तक कपाटात कमी आणि लेकरांच्या घरीच जास्त असतं. 2017 ला ल. म. कडू यांचं 'खारीच्या वाटा', धरणापायी गाव सोडावं लागणाऱ्या पोराची गोष्ट आहे, आणि आमच्याकडं जायकवाडी म्हणा, मांजरा म्हणा, ज्यांच्या आज्या-पंज्यांची गावं पाण्याखाली गेली अशी घरं कमी नाहीत, त्यामुळं लेकरं हे पुस्तक वेगळ्याच नजरेनं वाचतात. एका पोरीनं मला विचारलं सर, धरणाचं पाणी उन्हाळ्यात आटल्यावर ते घर परत दिसत असंल का. मी आपला गप्प बसलो, कारण आमच्या भागात आटल्यावर जुन्या देवळाचे कळस दिसतात हे तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत. 2019 ला सलीम सरदार मुल्ला यांचं 'जंगल खजिन्याचा शोध', माणूस वनखात्यातला, त्यामुळं जंगल खरं वाटतं. 2022 ला संगीता बर्वे यांचं 'पियूची वही', तुमच्या मुलीला हे पहिलं द्या, मुलीच्या वहीसारखं लिहिलंय, आणि ते वाचून आमच्या दोन-तीन पोरींनी स्वतःच्या वह्या सुरू केल्या (त्या मला वाचायला देत नाहीत, आणि देऊ पण नयेत).

आणि आता मराठवाड्याचं म्हणून जरा छाती फुगवून सांगतो. 2024 चा मराठीचा पुरस्कार भारत सासणे यांच्या 'समशेर आणि भूतबंगला'ला मिळाला, सासणे मूळ जालन्याचे, आणि 2022 ला उदगीरला साहित्य संमेलन झालं त्याचे अध्यक्ष तेच होते. आणि 2025 चा नांदेडच्या डॉ. सुरेश सावंत यांना, 'आभाळमाया' या कवितासंग्रहासाठी. लागोपाठ दोन वर्षं आपल्या भागातली नावं. पुण्या-मुंबईच्या पेपरात तीन ओळींची बातमी आली असंल, आमच्या स्टाफरूममध्ये मात्र पेढे वाटले, पेढे आणले कुणी हे विचारू नका.

राज्य शासनाचे यशवंतराव चव्हाण वाङ्मय पुरस्कार पण बघत जा. त्यात बालवाङ्मयाचे वेगळे विभाग आहेत, कविता, कथा, कादंबरी, नाटक, ज्ञानविज्ञान असे, आणि बालकवी, साने गुरुजी असल्या नावांनी ते दिले जातात. ही यादी अकादमीपेक्षा लांब असते म्हणून पालकांना जास्त कामाची, पण तिकडं लक्षच जात नाही कुणाचं.

टाटा ट्रस्टच्या पराग उपक्रमाचा बिग लिटल बुक अवॉर्ड म्हणून एक आहे. 2016 ला सुरू झाला तेव्हा लेखकासाठी पहिली भाषा मराठीच निवडली होती आणि तो माधुरी पुरंदरे यांना मिळाला. चित्रकाराला वेगळा पुरस्कार असतो, हे मला फार आवडतं, कारण तिसरीतलं पोरगं पुस्तक निवडतं ते चित्र बघून, लेखकाचं नाव ते बघतच नाही. याच परागची दरवर्षी एक ऑनर लिस्ट पण निघते, पण ती हिंदी आणि इंग्रजी पुस्तकांची. तुमच्या घरी हिंदी वाचायची सवय असंल तर ती यादी लई चांगली आहे, मराठी माणसाला हिंदी पुस्तक घ्यायला उगाच जड वाटतं.

आता न्यूबेरीचं. हा अमेरिकेचा, 1922 पासून, म्हणजे लेकरांच्या पुस्तकांच्या पुरस्कारांतला सगळ्यात जुन्यांपैकी. नाव मात्र 18 व्या शतकातल्या लंडनच्या पुस्तकविक्रेत्याचं, जॉन न्यूबेरी याचं. देते अमेरिकन लायब्ररी असोसिएशन. रोख रक्कम एक रुपया नाही, नुसतं पदक. पण निवड करणारी समिती ही मुख्यतः मुलांच्या लायब्ररीत काम करणाऱ्यांची असते, म्हणजे जे रोज काउंटरवर उभं राहून कुठलं पुस्तक परत आलं आणि कुठलं आलंच नाही हे बघतात. आणि तो शिक्का लागला की देशभरातल्या लायब्रऱ्या ते विकत घेतात, वर्षानुवर्षं ते छापत राहतात. आपल्याकडं पुरस्कारानं लेखकाचा सत्कार होतो, तिकडं पुस्तकाची सोय होते. हाच फरक मला सगळ्यात मोठा वाटतो, पैशाचा नाही.

पण एक लक्षात ठेवा, न्यूबेरी फक्त अमेरिकेच्या नागरिकाला किंवा तिथं राहणाऱ्यालाच मिळतो. जगातलं सगळ्यात चांगलं पुस्तक असं काही नसतंय ते, त्या वर्षीचं त्यांच्या देशातलं. गंमत म्हणजे 1928 चा न्यूबेरी कलकत्त्याकडच्या माणसाला मिळालाय, धन गोपाल मुखर्जी यांना, एका कबुतराच्या गोष्टीला. ते तिकडं शिकायला गेले आणि तिथलेच झाले. इंग्लंडचा कार्नेगी मेडल 1936 चा पहिला, तो पण कबुतरांवरून नाव असलेल्या पुस्तकालाच. कबुतरांचं नशीब बघा.

न्यूबेरी 14 वर्षांपर्यंतच्या लेकरांसाठी. त्याच्या पुढं 12 ते 18 वयासाठी प्रिंट्झ अवॉर्ड आहे, 2000 पासून, कॅन्सस राज्यातल्या एका शाळेच्या ग्रंथपालाच्या नावानं. शाळेच्या ग्रंथपालाचं नाव राष्ट्रीय पुरस्काराला! आमच्याकडं ग्रंथपालाचं पदच भरत नाहीत म्हणून माझ्यासारख्या गणिताच्या मास्तरला ते बघावं लागतं, असो. प्रिंट्झची पुस्तकं सातवीसाठी थांबवा, त्यात विषय मोठे असतात, नववी-दहावीला बघू. चित्रांच्या पुस्तकांना कॅल्डेकॉट, 1938 पासून, तो तुमच्या मुलाच्या वयाला चालतो, आणि इंग्रजी कमी असतं त्यामुळं तुम्हीच मराठीत सांगत सांगत दाखवू शकता.

आपल्याकडं नेमकी हीच प्रिंट्झवाली जागा रिकामी आहे. 9 ते 16 एका दावणीला बांधलेत. नऊ वर्षाचं पोरगं आणि सोळा वर्षाची पोरगी, एकाला भूत पाहिजे आणि दुसरीला आईशी बोलणं का बंद झालंय ते. मग दहावीतली पोरं एकदम प्रेरणादायी पुस्तकांवर जातात, यशाचे सात मंत्र वगैरे, मधलं काही वाचतच नाहीत. कुमारांसाठी लिहिणारे मराठीत आहेत पण त्यांच्यासाठी वेगळा ठसठशीत वार्षिक पुरस्कार असता तर प्रकाशकांनी पण जरा मनावर घेतलं असतं.

निवड मोठी माणसं करतात म्हणून मघाशी कुरकुर केली, तर लेकरांच्या मताचं पण सांगतो. त्याच कॅन्सस राज्यात 1952 पासून विल्यम ॲलन व्हाइट यांच्या नावानं पुरस्कार आहे ज्यात शाळेची मुलंच यादीतली पुस्तकं वाचून मत देतात. इंग्लंडात पण कार्नेगीची यादी शाळाशाळांतले गट वाचतात आणि परीक्षकांच्या बरोबरीनं आपला निकाल लावतात. हे वाचून मी आमच्या शाळेत चालू केलं. टेबलावर पुस्तकं मांडायची, प्रत्येकापुढं एक रिकामा डबा, आणि ज्यानं किमान तीन पुस्तकं वाचल्याची नोंदवहीत सही आहे त्यालाच एक चिंचोका. चिंचोके पोरंच आणतात, त्याला खर्च नाही. पहिल्याच वर्षी एकानं खिशातून दहा-बारा चिंचोके टाकले, मग आता मतदानाचे चिंचोके शाईनं रंगवून देतो, इलेक्शन कमिशनला पण सुचलं नसंल.

जिंकलं काय तर सापांचं पुस्तक. कथा नाही, कविता नाही. कारण पावसाळ्यात किचन शेडमागं घोणस निघाली होती आणि त्या पुस्तकात घोणस आणि अजगराचं पिल्लू कसं ओळखायचं ते चित्र काढून दाखवलंय, अंगावरच्या ठिपक्यांची साखळी वगैरे. सहावीतली पोरं ते पान उघडून आपसात भांडत होती, त्या पानाचा कोपरा आता राहिलाच नाही. माझ्या आवडीच्या पुरस्कारवाल्या कादंबरीच्या डब्यात थोडेच पडले, पण ज्यांनी टाकले त्या पोरी ते पुस्तक अजून परत देईनात. आता यातलं कुठलं पुस्तक 'उत्कृष्ट' ते तुम्हीच ठरवा, मला दोन्ही कपाटात पाहिजेत.

म्हणून माझं म्हणणं, पुरस्काराची यादी चाळणी म्हणून वापरा, बाजारात लेकरांच्या नावावर जो चकचकीत कचरा आहे तो तरी गळून पडतो. पण घरात त्या यादीबाहेरची पण दोन-चार येऊ द्या, लेकरानं स्वतः उचललेली.

राहिला प्रश्न मिळायचा. लातूरला पुस्तकाच्या दुकानात गेलात तर पुढं नीट, जेईई, त्याच्या मागं नवोदय, स्कॉलरशिप, आणि बालसाहित्य विचारलं की पोरगा शिडी लावून वरून पंचतंत्र काढून देतो, धूळ झटकून. छत्रपती संभाजीनगरला औरंगपुऱ्यात बरं मिळतं, तिकडं कामाला गेलात तर तासभर काढा. नाहीतर ऑनलाइन. पुरस्कार जाहीर झाला की पंधरा-वीस दिवस ते पुस्तक 'संपलं' असंच सगळीकडं दाखवतात, तेव्हा घाई करू नका आणि कुणी दुप्पट भावात विकत असंल तर घेऊ तर मुळीच नका. थेट प्रकाशकाला फोन लावा, पुस्तकाच्या पहिल्या-दुसऱ्या पानावर नंबर असतो किंवा नेटवर मिळतो, बऱ्याचदा त्यांच्याकडं प्रती असतात आणि थोडी सूट पण देतात, चार-पाच घरांनी मिळून मागवलं तर कुरिअरचा खर्च पण वाटला जातो.

मुलीला 'पियूची वही' आणि 'खारीच्या वाटा', मुलाला माधुरी पुरंदरेंचं 'राधाचं घर' आणि प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर वेबसाइटवर फुकट मराठी गोष्टी आहेत त्या मोबाईलवर नको, शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडून रंगीत प्रिंट काढून. न्यूबेरीचं एखादं घ्यायचंच असंल तर मुलगी इंग्रजी माध्यमात आहे का ते तुम्ही लिहिलं नाही, मराठी माध्यमात असंल तर ते आठवीच्या सुट्टीला ठेवा.