वाइल्डबीस्ट म्हणजे रानगवा नव्हे

प्रश्न असा: केनियातल्या मसाई मारा अभयारण्याच्या सहलीच्या जाहिरातीत 'लाखो रानगव्यांचे स्थलांतर' असे वाचले. तिथल्या वाइल्डबीस्ट या प्राण्याला मराठीत रानगवा म्हणावे, हरीण म्हणावे की कुरंग? आणि त्याचेच दुसरे नाव 'नू', तो शब्द कोणत्या लिंगाचा?

रानगवा तर मुळीच नाही. ही जाहिरात मीही दरवर्षी वाचतो आणि दरवर्षी चिडतो. गवा पाहायचा तर राधानगरीला जा. आफ्रिकेच्या रानात तो नाही. तिथली रानम्हैस आणखी वेगळी. वाइल्डबीस्टचे उंच खांदे, उतरती पाठ, नरमादी दोघांनाही असलेली शिंगे पाहून बैल आठवतो खरा. पण नात्याने तो गाईपेक्षा शेळीमेंढीला जवळचा आहे. एकांनी तर 'त्याला बुळकांडी (गुरांचा जीवघेणा साथीचा रोग) होते, म्हणजे तो गुरांतलाच' असे लिहिले होते. बुळकांडी दुभंगलेल्या खुरांच्या कितीतरी जनावरांना होत असे. 1890 च्या दशकात तिने पूर्व आफ्रिकेतली गुरे मारली तसे वाइल्डबीस्टही मारले. पुढे लस गुरांना टोचली, तेव्हा रोग रानातूनही हटला आणि मसाई माराला लागून असलेल्या टांझानियातल्या सेरेंगेटीतले वाइल्डबीस्ट 1960 च्या सुमारास होते अडीच लाखांच्या घरात, ते 1977 पर्यंत 13 लाखांच्या आसपास गेले. रोग एक म्हणून जात एक होत नाही.

आता कुरंग. चितळ-सांबर दरवर्षी शिंगे गाळतात ते सारंग. काळविटासारखी ज्यांची शिंगे जन्मभर टिकतात ते कुरंग, अशी वाटणी आपल्या परिभाषाकारांनी केली. सोयीसाठी केली, ठीक आहे. पण हा जुना भेद आहे असे कुणी ठासून सांगू लागले की अमरकोश हा जुना संस्कृत शब्दकोश उघडावा: 'मृगे कुरङ्गवातायुहरिणाजिनयोनयः'. कुरंग आणि हरिण एकाच दावणीला! 'हरिण' तर मुळात रंगाचा शब्द, फिकट पिवळसर. हरिद्रा आणि आपली हळद त्याच घरातली. सेरेंगेटीतला वाइल्डबीस्ट पाटीसारखा निळसर करडा. त्याला हरीण म्हणताना माझी तरी जीभ अडखळते.

खरी गंमत अमरकोशाच्या त्या ओळीतल्या पहिल्या शब्दात आहे. मृग म्हणजे मूळचे हरीण नव्हेच, कोणतेही रानातले जनावर. म्हणून सिंह मृगेंद्र, माकड शाखामृग, शिकार ती मृगया. वेदात हत्तीला 'मृगो हस्ती' म्हटले आहे, म्हणजे हात असलेले जनावर. इराणात याच शब्दाला पंख फुटले आणि तो 'मुर्ग' झाला. आपली मुर्गी मृगाची सख्खी चुलतबहीण! आणि जे संस्कृतात झाले तेच इंग्रजीत. 'डिअर'चा जुना अर्थ नुसते जनावर. जर्मन 'टीअर' आणि डच 'डीर' आजही त्याच अर्थाने चालतात. शिकाऱ्याला जे हवे असते, तेच त्याच्या तोंडी 'जनावर' होऊन बसते, असे माझे मत आहे. दक्षिण आफ्रिकेच्या केप भागातल्या डच वसाहतवाल्यांनी या प्राण्याला 'विल्ड' आणि 'बेस्ट' जोडून नाव दिले: रानटी पशू. डच 'बेस्ट'ला गुरे असाही अर्थ आहे आणि रानगवावाले त्यालाच लोंबकळतात. मला तो अर्थ मान्य नाही असे नाही, पण त्यापलीकडे पाहा: 'रानातला पशू' याला आपल्याकडे तयार शब्द होता, तो मृग. अर्थाने पाहिले तर वाइल्डबीस्ट हाच अस्सल मृग, आणि आपण तो शब्द चितळाच्या पाडसावर खर्च केला!

व्यवहारात मात्र 'नू' म्हणा. दक्षिण आफ्रिकेतल्या खोईखोई या मूळच्या लोकांकडून डचांमार्फत आलेला हा शब्द त्या मातीतला आहे, आणि प्राण्याच्या घुमणाऱ्या हुंकाराशी जुळतोही. स्वाहिलीत त्याला 'न्युंबू' म्हणतात, आणि खेचरालाही न्युंबूच. घोड्याची शेपूट, बैलाचे डोके, बोकडाची दाढी असे ते ध्यान पाहून पूर्व आफ्रिकेतल्या माणसाला खेचर आठवले असेल, तर त्याची नजर आपल्या जाहिरातवाल्यांपेक्षा कितीतरी चांगली होती.

लिंग पुल्लिंगी ठेवावे: तो नू, ते नू.