अंजनगाव वाटेत येत नाही म्हणता?

ताई, नमस्कार. मी दारव्हा तालुक्यातला, जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर होऊन पाच वर्षं झाली, वय ६३. मुलगा मेलबर्नला असतो. त्याने आणि मी वर्षभर फोनवर बसून ४६ दिवसांची ट्रिप आखली. नागपूर, मुंबई, सिंगापूर, पर्थ, मेलबर्न, सिडनी, मग न्यूझीलंडमध्ये ख्राइस्टचर्च, क्वीन्सटाऊन, रोटोरुआ, ऑकलंड, तिथून फिजी आणि सिंगापूरवरून परत. एकेका दिवसाचा तक्ता केला आहे. न्यूझीलंडमधल्या मिलफर्ड साउंडला पाऊस फार म्हणून दोन दिवस राखीवसुद्धा ठेवलेत. फेब्रुवारीत निघायचं, तोवर कापूस-तूर आटोपते. बायको दिवाळीपर्यंत तयार होती, पासपोर्ट निघाला, आयुष्यात पहिल्यांदा बूट घेतले. आणि आता म्हणते मी येत नाही, तुम्ही जा. कारण विचारलं तर कधी बकऱ्या कोण पाहीन, कधी गुडघे, कधी तिथलं जेवण. दर वेळी नवीन. दिवाळीत म्हणत होती की निघायच्या आधी अमरावती जिल्ह्यातल्या अंजनगावला मोठ्या बहिणीकडे दोन दिवस राहून येऊ, बहिणीची तब्येत बरी नसते, माहेरही त्याच भागातलं पण तिथे आता कोणी नाही. पण ते आपल्या वाटेत येत नाही आणि तयारीही पुष्कळ आहे. ३५ वर्षांत मी तिला कधी दुखावलं नाही. तिकिटं काढायची वेळ आली आहे, तिला कसं समजवावं?

भाऊ,

बकऱ्या, गुडघे आणि जेवण हे तिन्ही आधी बाजूला ठेवू. बकऱ्या शेजारी पाहतात, गावात कोणी चार दिवस बाहेर गेलं की हेच होतं. गुडघ्यासाठी एअरपोर्टवर व्हीलचेअर मिळते, बुकिंगच्या वेळी सांगून ठेवायचं, लाजायचं काही कारण नाही. जेवणाचं तर पोराच्या घरी कुकर आहे आणि सिंगापूर-मेलबर्नला तूरडाळ मिळते. ही कारणं वहिनींनी तुम्ही रोज विचारता म्हणून दिलीत, खरं कारण त्यांनी दिवाळीत एकदाच सांगितलं होतं आणि ते तुम्ही तीन शब्दांत उडवून लावलं, वाटेत येत नाही.

तुमचंच पत्र परत वाचा. दिवाळीपर्यंत बाई तयार होती. पासपोर्ट काढला, आयुष्यभर चप्पल घालणाऱ्या बाईने बूट घेतले, म्हणजे मनापासून तयार होती. मग दिवाळीत तिने एक गोष्ट मागितली, तुम्ही नाही म्हणालात, आणि त्याच्यानंतर नकार सुरू झाला. या दोन गोष्टी तुम्ही एकाच पत्रात लिहिल्यात, मध्ये जेमतेम दोन-तीन ओळींचं अंतर आहे, आणि तरी तुम्हाला त्या जोडता आल्या नाहीत, याचंच मला वाईट वाटतं. आणि थोडा रागही येतो, तो लपवत नाही.

वाटेत येत नाही म्हणता. पण भाऊ, तुमच्या यादीतलं काय वाटेत येतं ते मला दाखवा. सिंगापूरवरून मेलबर्नला सरळ विमान जातं, साडेसात तासाच्या आसपास, तरी तुम्ही मध्ये पर्थला उतरताय कारण तुम्हाला पश्चिमेकडचा समुद्र पाहायचा असेल. फिजी तर ऑकलंडपासून अजून तीन तास समुद्रात, तारीख जिथे बदलते त्या रेषेच्या जवळ, घरापासून लांब लांब जाणारं, तिथून परत यायला दहा तासांचं विमान. एक ठिकाण रस्त्यात पडत नाही. सगळी ठिकाणं तुम्ही वाकडी वाट करून घेतलीत कारण मनात होतं, आणि चांगलं केलंत, फिरायचं ते असंच फिरायचं असतं. फक्त वाकडी वाट वहिनींच्या बहिणीकडे जायची आली तेव्हा तुम्हाला नकाशा आठवला.

आणि मिलफर्डचे ते दोन दिवस! तिथे वर्षाला सहा हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आपल्याकडे हजाराच्या आसपास झाला तरी नाले भरतात, तेव्हा तुमचा विचार बरोबर आहे, एक दिवस ढगात गेला तर दुसरा हाताशी पाहिजे. पण वहिनींनी मागितले तेही दोनच दिवस होते. पडेल की नाही माहीत नसलेल्या पावसासाठी तुमच्या तक्त्यात दोन दिवसांची जागा झाली. आजारी बहिणीसाठी झाली नाही. हे तुम्ही मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही, तुमच्या लक्षात आलं नाही, आणि ३५ वर्षांच्या संसारात हे लक्षात न येणं मला जास्त जड वाटतं.

बहिणीला झालंय काय? तुम्ही लिहिलं नाही. "तब्येत बरी नसते" एवढंच. मला तर वाटतं तुम्ही विचारलंच नाही. क्वीन्सटाऊनला फेब्रुवारीत रात्री किती थंडी पडते हे तुम्हाला पाठ असेल. शुगर आहे, हार्टचं आहे, डायलिसिस चालू आहे, का नुसतं वय झालंय? आज संध्याकाळी वहिनींना विचारा, आणि उत्तर येईपर्यंत मोबाईल हातात घेऊ नका.

आता वहिनी ज्या गोष्टीला घाबरतात ती मी लिहिते, कारण त्या तोंडाने बोलणार नाहीत, अशा गोष्टी आपल्याकडे बायका बोलत नाहीत, अपशकुन होतो म्हणतात. त्या हिशोब करतायत. मी क्वीन्सटाऊनला असताना बहिणीचं काही झालं तर? तुम्ही तक्ते करणारे आहात, तर हाही तक्ता करा. क्वीन्सटाऊन ते ऑकलंड दोन तास, ऑकलंड ते सिंगापूर साडेदहा-अकरा तास, सिंगापूर ते मुंबई साडेपाच, मुंबई ते नागपूर दीड. नुसता हवेतला वेळच वीस तास होतो, त्यात मधलं थांबणं, त्या दिवशीच्या विमानात जागा मिळणं, आणि नागपूरवरून अमरावतीमार्गे अंजनगाव अजून चार-पाच तास गाडीने. दीड दिवस तर कुठेच गेला नाही, दोनही लागतील. आणि आपल्याकडे माती त्याच दिवशी होते, फार तर दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत थांबतात. बहिणीच्या मातीला आपण पोचणार नाही हा विचार घेऊन ती बाई रात्री जागी असते आणि सकाळी तुम्ही विचारता का गं येत नाहीस, तर ती म्हणते बकऱ्या कोण पाहीन.

माझी आत्या वर्ध्याला गेली तेव्हा मी पुण्यात होते. रात्रीची गाडी पकडली, सकाळी पोचले तोवर सगळं आटोपलं होतं, अंगणात फक्त ओली जागा होती. पण त्याच्या महिनाभर आधी मी तिच्याकडे चार दिवस राहिले होते, तिच्या डोक्याला तेल लावलं होतं, भरपूर भांडलोही होतो. ते चार दिवस नसते तर मी काय केलं असतं मला माहीत नाही. म्हणून लिहिते. पोचणं हातात नसतं पण आधी जाऊन राहणं असतं.

तुमच्या लग्नाच्या वेळची गोष्ट आठवा. तेव्हा शकुंतला रेल्वे चालू होती. यवतमाळ ते मूर्तिजापूर ११३ किलोमीटरची छोटी लाईन, दारव्हा तिच्यावरच, आणि मूर्तिजापूरला उतरलं की तसलीच दुसरी छोटी गाडी अचलपूरकडे, ७६ किलोमीटर, दर्यापूर करत अंजनगावला जाणारी. रडतखडत जायची, लोक मध्येच उतरून चढायचे, पण तुमच्या गावाजवळून निघालेला रूळ वहिनींच्या माणसांपर्यंत जात होता. अंजनगाव तेव्हा वाटेतच होतं, भाऊ. गाडी बंद पडली, आईवडील गेले, आणि वहिनींचं जाणं कमी कमी होत गेलं असणार, कारण आता जायचं म्हणजे कोणीतरी सोडायला पाहिजे, कोणाला तरी विचारायला पाहिजे. आईवडील गेल्यावर मोठी बहीण हेच माहेर असतं हे मी तुम्हाला सांगायची गरज पडू नये, तुमच्या शाळेतून इतक्या पोरी सासरी गेल्या.

३५ वर्षांत कधी दुखावलं नाही असं तुम्ही लिहिता. मी ते खोटं म्हणत नाही, मारहाण-शिवीगाळ करणाऱ्यातले तुम्ही नाही हे पत्रावरून कळतं. पण बाई एकदाच विचारते आणि नाही म्हटलं की परत विचारत नाही, भांडतही नाही, नुसती बकऱ्यांवर ढकलते, हे ती कुठून शिकली याचा विचार करा. अशी सवय एका दिवाळीत लागत नाही.

तर आता काय करायचं. या शनिवारी वहिनींना घेऊन एसटीत बसा. दारव्हा, कारंजा, मूर्तिजापूर, दर्यापूर, अंजनगाव, एक-दोनदा गाडी बदलावी लागेल, सकाळी लवकर निघा. वहिनींना अर्धं तिकीट लागतं, मार्च २०२३ पासून सगळ्या बायकांना लागतं, तुम्हाला अजून पूर्ण. त्यांना तिथे पोचवा आणि तुम्ही एकटे परत या. दोन दिवसांसाठी नाही, त्यांना वाटेल तितके दिवस. आठ, पंधरा, महिना. परत कधी येतेस हा प्रश्न फोनवर विचारायचा नाही, आडूनही नाही, "बकऱ्या आठवण काढतात" असलं काही बोलायचं नाही. ट्रिपचा शब्द तर काढायचाच नाही. तिकिटं त्या येईपर्यंत काढू नका, चार पैसे महाग पडली तर पडू द्या, आणि पोराला हे स्पष्ट सांगा, त्याची आई आहे, त्यालाही कळलं पाहिजे की मावशी आजारी आहे.

तुम्ही म्हणाल वेचणी चालू आहे. चालू आहे, मला माहीत आहे, तुमच्या भागात डिसेंबरात दुसरी काय गोष्ट चालू असते. मजुरांचा चहा, वजन, हिशोब, बकऱ्यांचा पाला, सगळं तुम्ही करा. ४६ दिवसांचा तक्ता करणाऱ्या माणसाला हे जमतं.

त्या परत आल्यावर येते म्हणाल्या तर दोन कामं करा. परतीच्या तिकिटाची तारीख बदलता येते असंच तिकीट घ्या, आणि ते घेतलंय हे वहिनींना दाखवून सांगा की बहिणीचं काही कळलं तर आपण दोघंही त्या दिवशी निघू, फिजी राहिलं तर राहिलं. पोचू की नाही ते देवाच्या हातात, पण निघू एवढं तुम्ही देऊ शकता. आणि दुसरं, ते नवीन बूट घालून त्या शेतात गेल्या असतील तर घासून, धुऊन, वाळवून मगच बॅगेत टाका. ऑस्ट्रेलियात उतरताना फॉर्मवर विचारतात की गेल्या ३० दिवसांत शेतात, जनावरांजवळ गेला होता का, तिथे हो लिहायचं, खरं सांगितल्याने काही होत नाही, फार तर बूट तपासतात. खाण्याचंही तसंच. लोणचं, मसाला, पापड जे नेलं ते लिहून द्यायचं, काढून घेतलं तर घेतलं. न्यूझीलंडमध्ये लपवलेलं सापडलं तर जागेवर ४०० डॉलर दंड आहे. बहीण काहीतरी बांधून देईलच, अंजनगावची बहीण रिकाम्या हाती पाठवणार नाही, तर ते लिहून द्या.

नाही येत म्हणाल्या तर एकटे जा आणि मनात राग न ठेवता जा. त्यांनी बहिणीजवळ राहायचं ठरवलं तर तो तुमच्या ट्रिपचा अपमान होत नाही.

रोटोरुआ ठेवलंत ते मला आवडलं. तिथले माओरी लोक रीतसर ओळख करून देतात तेव्हा आधी आपला डोंगर सांगतात, मग नदी, मग पूर्वज, आणि स्वतःचं नाव शेवटी. त्याला पेपेहा म्हणतात. वहिनी तिथे उभ्या राहिल्या तर त्या काय सांगतील? दारव्ह्यात ३५ वर्षं काढली तरी त्यांचा डोंगर अंजनगावच्या उत्तरेला दिसतो तो गाविलगडचाच असणार, आणि नदी शहानूर. हे तुम्हाला ठाऊक होतं का? नसेल तर शनिवारी एसटीत खिडकीची जागा वहिनींना द्या आणि दर्यापूर सुटल्यावर त्यांना विचारा, डोंगर कुठून दिसायला लागतो म्हणून.

आणि पोचल्यावर दारातूनच पिशवी देऊन वळू नका. आत जा, बहिणीच्या खाटेजवळ बसा, तब्येतीचं विचारा, तिथल्या औषधी वेलीचं, पानपिंपळीचं, पीक कसं आहे ते विचारा, जेवायला आग्रह केला तर जेवा. मग निघा, एकटे.