पावसानंतर गाडी चालू होत नाही, ईसीएममधली मेमरी चिप बदलून चालेल का?

तुम्ही लिहिलंय की पावसात उभी असलेली गाडी स्टार्टर मारते पण चालू होत नाही, मीटरवर चावीचा दिवा लुकलुकतो आणि मेकॅनिक नवा ईसीएम (इंजिन सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक बॉक्स) घाला म्हणतो. मी बेळगावात हेच काम करतो. चिप बदलता येते, पण दोष चिपचाच आहे का ते आधी बघा. खानापूर, जांबोटीकडून पावसाळ्यात येणाऱ्या बऱ्याच गाड्यांत कनेक्टरच्या पिनांवर हिरवट गंज चढलेला असतो. ईसीएमला बॅटरीचा सप्लाय आणि अर्थिंग पोचतं का ते मल्टिमीटरने तपासा. दुसरी चावी असेल तर तीही लावून बघा.

एवढं करूनही चिपवरच संशय राहिला, तर बोर्डावर आठ पायांची बारीक आयसी, म्हणजे ती मेमरी चिप, शोधा. तिच्यावर 24सी02, 93सी56, 95160 असा काहीतरी नंबर असतो. 95160 मध्ये मावतात जेमतेम 2048 बाइट, पण इमोबिलायझरचा (ओळखीची चावी नसेल तर इंजिन चालू न होऊ देणाऱ्या यंत्रणेचा) कोड बहुतेक वेळा त्यातच असतो. इंजिनचा मुख्य प्रोग्राम सहसा दुसरीकडे असतो. म्हणून बाजारातली कोरी चिप लावली की गाडी चावी ओळखत नाही. चिप मिळते स्वस्तात, आतला डेटा मात्र तुमच्या गाडीचाच लागतो. जुनी चिप कचऱ्यात टाकून आणलेले बोर्ड बघितले की मला खरंच वाईट वाटतं.

जुनी चिप काढण्याआधी एका पायाशी असलेला ठिपका कुठल्या बाजूला आहे त्याचा फोटो काढा. वरचं वॉर्निश हळू खरवडा, आजूबाजूच्या भागांना कॅप्टॉन टेप (उष्णता सोसणारी टेप) लावा आणि हॉट एअरने (गरम हवेच्या गनने) चिप उचला. ओढू नका, बोर्डावरचा तांब्याचा ट्रॅक उपटून येतो. प्रोग्रामरची (चिप वाचायच्या-लिहायच्या यंत्राची) क्लिप बोर्डावरच लावून डेटा वाचला तर बोर्डावरचा प्रोसेसर आड येतो आणि वाचन चुकतं, म्हणून मी चिप काढूनच वाचतो. दोन-तीनदा वाचा, फाइली एकमेकींशी तंतोतंत जुळल्या पाहिजेत. सगळीकडे एफएफ, म्हणजे कोरंच, आलं तर आधी सॉकेटचा संपर्क तपासा. 93सी56 असेल तर प्रोग्रामरमध्ये 8 बिट की 16 बिट हे नीट निवडा, वाचताना आणि लिहिताना एकच ठेवा. मग त्याच नंबरच्या नव्या चिपवर फाइल लिहा, व्हेरिफाय करा आणि मगच सोल्डर करा. ईसीएम गाडीत बसवताना बॅटरीची निगेटिव्ह वायर सुटी ठेवा.

जुनी चिप वाचताच आली नाही, तर त्याच मॉडेलच्या एका गाडीचा ईसीएम, इमोबिलायझर बॉक्स आणि चावी असा पूर्ण सेट घ्यावा लागतो. नुसता ईसीएम स्वस्तात मिळतो म्हणून उचलू नका. नव्या बऱ्याच गाड्यांत ही आठ पायांची चिप नसतेच, डेटा प्रोसेसरच्या आत असतो. तसं असेल तर हॉट एअर लावूच नका, प्रोसेसर वाचायचं टूल ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे बोर्ड द्या.