अमेरिकेत उगम पावलेल्या मॉर्मन पंथाचा धर्मग्रंथ असलेल्या ‘बुक ऑफ मॉर्मन’चा आजचा मजकूर १८३० च्या पहिल्या आवृत्तीसारखाच आहे का?

नाही, तंतोतंत तसाच नाही. मात्र बहुतेक बदल व्याकरण, शब्दलेखन आणि विरामचिन्हांचे असून आशयाला स्पर्श करणारे बदल मोजकेच आहेत. न्यूयॉर्क राज्यातील पाल्मायरा येथे १८३० मध्ये छापलेल्या ५,००० प्रतींच्या आवृत्तीत येशूच्या मातेला ‘देवाची माता’ म्हटले होते, तेथे पंथाचे संस्थापक जोसेफ स्मिथ यांनी १८३७ च्या आवृत्तीत ‘देवाच्या पुत्राची माता’ असा बदल केला, आणि या बदलाचा अर्थ काय लावावा यावर अभ्यासकांचे आजही एकमत नाही. आजची अध्याय व श्लोकांची विभागणी तर पंथाचे एक नेते ऑर्सन प्रॅट यांनी १८७९ मध्ये केलेली आहे, म्हणून जुन्या आवृत्तीत संदर्भ शोधताना आजचे क्रमांक उपयोगी पडत नाहीत. पडताळणीसाठी ‘जोसेफ स्मिथ पेपर्स’ प्रकल्पाने प्रसिद्ध केलेली हस्तलिखितांची छायाचित्रे पाहावीत. मूळ हस्तलिखित १८४१ मध्ये इलिनॉय राज्यातील नॉवू येथील एका इमारतीच्या कोनशिलेत ठेवल्यामुळे ओलाव्याने खराब झाले आणि त्याचा जेमतेम २८ टक्के भाग उरला. त्यामुळे उर्वरित मजकुराची तुलना मुद्रकासाठी केलेल्या नकलेशी आणि पहिल्या आवृत्तीशीच करावी लागते.